शब्दचर्चा: वर्णभेद की वंशभेद?

नववीतल्या लेकीच्या निबंधाचा विषय दक्षिण आफ्रिकेतलं अपार्थाइड, म्हणजे तिथल्या गोऱ्या सरकारने कायद्याने लादलेला भेदभाव. तिने 'वर्णभेद' लिहिलं होतं, मी 'वंशभेद' सुचवला, बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. खरंच फरक आहे, की मीच शब्दांचा कीस काढतेय?

— फरक आहे, आणि बाईंना पटवून द्या. मराठीत वर्ण म्हटलं की आधी कातडीच डोळ्यांपुढे येते: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. दक्षिण आफ्रिकेच्या 1950च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने नुसता रंग पाहिला नाही. माणूस दिसतो कसा, आजूबाजूचे त्याला कोण समजतात, हे बघून नावापुढे गोरा, नेटिव्ह (काळा आफ्रिकन) की कलर्ड (मिश्र वंशाचा) ते लिहिलं. शंका आली की केसांत पेन्सिल खोचायचे. गळून पडली तर गोरा, अडकली तर नाही! गोऱ्या आईबापाच्या पोटची सँड्रा लेंग 1966 साली 'कलर्ड' ठरली. शाळेतूनही तिला काढलं. याला नुसत्या रंगाचा शब्द कसा पुरेल? आपल्या संविधानाच्या कलम 15च्या मराठी पाठातही 'धर्म, वंश, जात' असंच आहे.

— 'भेद' मात्र हवाच. अपार्थाइड या आफ्रिकान्स शब्दाचा अर्थच मुळी वेगळेपण. नोंदणीचा कायदा 1991 साली रद्द झाला, पण कोणी कुठे राहायचं हे ग्रुप एरियाज कायद्याने आधीच ठरवून टाकलं होतं. जोहान्सबर्गबाहेर काळ्यांसाठी वसवलेलं सोवेटो काही उचलून शहरात आणता येत नाही.

— मग आपल्याकडच्याला काय म्हणायचं? मागच्या आठवड्यात मीरा रोडहून सकाळची लोकल. एक आफ्रिकन विद्यार्थी खिडकीशी बसलेला. जिथे चौथ्या सीटसाठी हमरीतुमरी होते, तिथे त्याच्या शेजारची जागा अंधेरीपर्यंत रिकामी. तो मांडीवर बॅग घेऊन बाहेर बघत होता. मीसुद्धा उभाच राहिलो, हे अजून डोक्यातून जात नाही. यामागे कायदा नाही, नोंद नाही. याला मी वर्णद्वेष म्हणेन.

— सगळ्यांचे आभार. लेकीला हे वाचून दाखवलं. तिने कंपासमधली पेन्सिल काढून आपल्या कुरळ्या केसांत खोचली आणि मान हलवली. पडली नाही. मग बराच वेळ गप्प होती. आता निबंधात 'वंशभेद' पुन्हा लिहिलंय, आणि उद्या बाईंना पेन्सिलीचं सांगणार आहे.