शब्दचर्चा: मोतीबिंदू ‘पिकणे’ आणि डोळ्यावरचा ‘पडदा’

विचारणा: खेड्यातल्या नेत्रतपासणीसाठी पत्रक लिहायचं आहे. ‘मोतीबिंदू पिकला’ हा प्रयोग ठेवावा का? आणि ‘पडदा’ म्हटलं की लोक नेमकं काय समजतात?

प्रतिसाद: ‘पिकणे’ टाळाच. हा शब्द अडाणीपणातून आलेला नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. पूर्वी हे भिंग अख्खं बाहेर काढत आणि ते पुरतं तयार झालेलं असलं की काढायला सोपं जाई, म्हणून डॉक्टरच ‘अजून पिकला नाही, नंतर या’ म्हणत. आता बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात. ते जितकं कडक, तितका डोळ्याला त्रास जास्त. शस्त्रक्रिया बदलली, क्रियापद तेच राहिलं, आणि हे क्रियापद माणसाला थांबायला सांगतं. फार थांबलं तर भिंग फुगतं किंवा पाझरतं, डोळ्यातला दाब चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो, डोकं दुखतं, उलट्या होतात. उलट्या झाल्या की घरात ‘पित्त झालं’ म्हणतात आणि नजर वाचवण्याचे मोलाचे तास त्यातच जातात.

पत्रकात त्याऐवजी सरळ विचारा: एकेक डोळा झाकून बघा. समोरून येणारा माणूस ओळखू येतो का? सुईत दोरा ओवता येतो का? तिन्हीसांजेला पायरी दिसते का? ‘नाही’ आलं, तर दाखवायची वेळ झाली.

प्रतिसाद: याला जोडून काचबिंदू. दोन्हींत ‘बिंदू’ असल्यामुळे मोठा घोळ होतो. काचबिंदू झालेला माणूसही ‘पिकला की ऑपरेशन करू’ म्हणून बसून राहतो. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकदा दुखतही नाही, कडेचं दिसणं आधी जातं. म्हणून थेंब देताना हे वाक्य हवंच: ‘या थेंबांनी नजर वाढणार नाही, आहे ती राहील.’ नाहीतर महिनाभरात फरक दिसत नाही म्हणून बाटली संपली की थेंब बंद होतात. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल, तर चाळिशीनंतर नियमित तपासणी, हेही लिहा.

प्रतिसाद: ‘पडदा’ त्याहून धोक्याचा. ‘डोळ्यावर पडदा आला’ म्हणजे बोलीत मोतीबिंदू, वडस (पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे वाढणारं मांस), काहीही. ‘डोळ्याचा पडदा’ म्हणजे मात्र आतलं नेत्रपटल, डोळ्याच्या मागचा प्रतिमा उमटते तो थर. ते जागेवरून सुटलं, तर दिवसांचा प्रश्न असतो, वर्षांचा नाही. ऐकणाऱ्याला ‘वर’ आणि ‘आतला’ यातला फरक कळत नाही, म्हणून लक्षण सांगा: अचानक विजेसारखे चमकारे, काळे ठिपके एकदम वाढणं, एका बाजूने सावली सरकत येणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघा. मधुमेह्याने नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा हा आतला पडदा तपासून घ्यावा. ‘दिसतंय ना, मग कशाला’ हे उत्तर हमखास येतं, त्यावर आधीच दोन ओळी लिहून ठेवा.

विचारणा: आणि मोठ्या दवाखान्यात पाठवताना म्हणतात त्या ‘रेफर केलंय’ला काय म्हणावं? ‘संदर्भित’ कुणी बोलत नाही.

प्रतिसाद: ‘रेफर’ लोकांना कळतं, पण ते ‘इथे हात टेकले’ असं ऐकलं जातं. म्हणून लोक निघायला उशीर करतात, उशिरा पोचलेल्यांची नजर जाते, मग ‘मोठ्या दवाखान्यात नेलं की डोळा जातो’ ही समजूत आणखी पक्की होते. ‘पाठवतोय’ म्हणा आणि पुढचं बोला: कशासाठी, कधीपर्यंत, सोबत कोणते कागद, डोळ्यात थेंब टाकून तपासतील म्हणून काही तास धूसर दिसेल, तेव्हा सोबत माणूस हवा. हे घरात ज्याच्या शब्दावर निघायचं ठरतं, त्याच्यासमोर सांगा. शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘घरी जाऊन काय सांगाल?’ असं विचारा आणि चुकलेला भाग पुन्हा सांगा.