आठवड्याच्या धामधुमीत आपण शिक्षक शिकतो कधी? हायस्कूलवाल्यांनी अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, मराठवाड्यातल्या हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. शाळेचे साधारण ४० आठवडे धरले तर आठवड्याला सव्वा तास होतो. आता आपला आठवडा बघा, परिपाठ, तासिका, कुणी रजेवर गेलं की बदली तास, घटक चाचणीचे पेपर, मधेच "माहिती तात्काळ सादर करा" असा मेसेज, बाजाराच्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा, शनिवारी सकाळची शाळा. यात तो सव्वा तास तुमच्याकडं कुठं बसतो? बसत नसेल तर तसं लिहा. प्रशिक्षण चांगलं का वाईट यावर वाद नकोय, एखादी गोष्ट शिकलात आणि ती वर्गात वापरली असं काय घडलं ते सविस्तर सांगा. शाळेचं नाव नको, जिल्हा आणि विषय टाका. मी परभणी जिल्ह्यातली, मराठी शिकवते.

जालना, गणित

आमच्याकडं शनिवारी शाळा सुटली की गणित-विज्ञानवाले पाऊण तास बसतो. कुणाचा आदेश नाही, पत्र नाही, चहा आळीपाळीनं. पुढच्या आठवड्यात जे शिकवायचंय त्यातलं एकच काहीतरी घ्यायचं एवढाच नियम.

दहावीच्या गणित भाग १ मधे अर्थनियोजन हे प्रकरण आहे ना, जीएसटी आणि शेअर्सचं, ते पोरांना सूत्रं घोकून येतं पण बिल हातात दिलं की काही कळत नाही. म्हणून एका शनिवारी आम्ही शाळेच्या बाबूंना बोलावलं. बाबूंनी शाळेच्या खरेदीची फाइलच आणली आणि एकेक बिल समोर ठेवून करपात्र किंमत कुठं लिहिलेली असते, सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटीचे (राज्याचा) रकाने कसे वाचायचे, दोन्ही सारखेच का असतात असं सगळं इतकं नीट समजावलं की आमच्यातले दोघं तरुण सर वहीत उतरवून घेत होते. शाळेत इतकी वर्षं हा माणूस हिशोब बघतोय आणि आपण त्याच्याकडून शिकायचं कधी मनातच आणलं नव्हतं, याचं मला फार वाटलं.

सोमवारी पोरांना घरून कृषी सेवा केंद्राची बिलं आणायला सांगितली. खतावर ५ टक्के, म्हणजे अडीच अधिक अडीच, फवारणीच्या रासायनिक औषधावर १८, म्हणजे नऊ अधिक नऊ. एका पोरीनं सोयाबीन बियाण्याचं बिल आणलेलं, ती म्हणाली सर यात टॅक्सच नाही. पेरणीच्या बियाण्याला जीएसटी माफ आहे हे तिथंच निघालं. आणि चार-पाच पोरांच्या घरी तर बिलच नव्हतं. मग बियाणं उगवलं नाही तर कृषी खात्याकडं तक्रार करताना पक्की पावती, पिशवी आणि तिच्यावरचा टॅग लागतो हे पण सांगितलं. तो तास संपला तरी पोरं उठायला तयार नव्हती.

बीड, इंग्रजी

आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की वर्ग रिकामे व्हायला लागतात. मायबाप उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातेत ते मार्च-एप्रिललाच परत येतेत, आणि आठवी-नववीची लेकरं, त्यात पोरी जास्त, बारक्या भावंडाला सांभाळायला नाहीतर स्वयंपाकाला म्हणून सोबत नेतेत. त्यामुळं आमचा आठवडा सोमवारच्या मस्टरपासून सुरू होतो. सगळे वर्गशिक्षक मधल्या सुट्टीत हजेरी घेऊन बसतो, कोण दिसेना, कोणत्या तांड्यावरचं, कोणत्या वस्तीवरचं, घरी कोण हाय, आणि गावं वाटून घेऊन त्याच संध्याकाळी जायचं.

बालरक्षकाच्या, म्हणजे शाळा सुटू पाहणाऱ्या लेकरांना शाळेत टिकवणाऱ्या शिक्षकाच्या प्रशिक्षणात एक गोष्ट शिकलो ती मी आजपर्यंत वापरतो. तिथल्या ताईंनी सांगितलं की घरी गेल्यावर "लेकराला शाळेत का पाठवत नाही" असं विचारायचंच नाही. विचारायचं की लेकरू मागं राहिलं तर रात्री त्याच्याजवळ कोण झोपल, भाकरी कोण करल. कारण अडचण तिथंच असती. बाप गप बसतो आणि आई बोलायला लागती. मग आजी हाय का, चुलती हाय का, हंगामी वसतिगृहात नाव टाकता येतं का, हे ठरवता येतं. अशी काही लेकरं आम्ही गावात थांबवू शकलो. सगळी थांबत नाहीत, पोरीच्या बाबतीत तर माय म्हणती सर तुम्ही म्हणता ते खरंय पण वयात आलेली पोर मी कुणाच्या भरवशावर ठेवू. याला माझ्याकडं उत्तर नसतं.

जी गेली त्यांच्यासाठी मी आणि आमच्या हिंदीच्या मॅडम धड्याचे दोन-तीन मिनिटाचे ऑडिओ बनवून ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या फोनवर टाकतो. लांब पाठवलं तर कुणी ऐकत नाही, रेंज नसती, दिवसभर फडात राबून आलेलं लेकरू किती ऐकल. शुद्ध उच्चार, मोठा परिच्छेद ह्या सगळ्याला आम्ही फाटा दिला, एका ऑडिओत फक्त चार वाक्यं. ही पद्धत आम्हाला कोणत्याच कोर्सात कुणी सांगितली नाही, सोमवारच्या त्या बैठकीत बसून बसूनच सापडली. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या नव्या सरांना हंगाम म्हणजे काय तेही तिथंच कळतं.

लातूर, विज्ञान

मी बाहेरच्या प्रशिक्षणाच्या बाजूनं लिहिते, कारण मला खरंच उपयोग झालाय. मुरूडला आपल्या जिल्ह्याचं डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आहे, तिथं क्षमताधारित प्रश्न, म्हणजे पाठांतर नाही तर समज तपासणारे प्रश्न, कसे काढायचे यावर सत्र होतं. सुलभक, म्हणजे सत्र घेणाऱ्या सरांनी भाषण केलंच नाही, आमच्याच शाळांच्या घटक चाचणीचे पेपर आणायला लावले आणि म्हणाले यातला कोणता प्रश्न पुस्तक न वाचलेल्या पण डोकं चालणाऱ्या पोराला सुटेल ते शोधा. आम्ही शोधत बसलो, सगळे प्रश्न "म्हणजे काय", "व्याख्या लिहा", "फरक स्पष्ट करा".

परत आल्यावर नववीला धुण्याच्या सोड्याचा भाग घ्यायचा होता. मी तासाची सुरुवातच प्रश्नानं केली, तुमच्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पावसाच्या पाण्यात येतो, असं का? पोरींनी घरून बाटल्या आणल्या, बोअरचं, आडाचं, फिल्टरचं. तेवढंच पाणी, तेवढाच साबण, सारखंच हलवायचं आणि फेसाची उंची पट्टीनं मोजायची. मग बोअरच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून परत तेच. कॅल्शिअम, मॅग्नेशिअमचे क्षार साबणाशी काय करतात, सोड्यानं ते कसे खाली बसतात, हे त्यांनी फळ्यावर स्वतः मांडलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ही पोरं तेव्हा अगदी लहान होती, तरी घरोघरी त्या उन्हाळ्याच्या गोष्टी निघतात, त्यामुळं पाण्यावर बोलायला लागली की थांबत नाहीत.

फक्त एक तक्रार नोंदवते. असं प्रशिक्षण होतं आणि नंतर वर्षभर कुणी विचारत नाही की तुम्ही प्रश्न काढले का, दाखवा बरं. त्या सरांनी महिन्यानं एकदा फोन जरी केला असता तरी आम्ही सगळ्यांनी दुप्पट काम केलं असतं.

छत्रपती संभाजीनगर, उर्दू माध्यमात मराठी

आमच्याकडं प्रशिक्षणाची पीडीएफ मराठीतून येते. मी मराठीची, मला अडचण नाही, पण गणित, विज्ञानाच्या मॅडमना ती वाचून वर्गात न्यायची म्हणजे डबल काम. म्हणून जुम्म्याला शाळा लवकर सुटते तेव्हा आम्ही पाच-सहा जणी बसतो, मी वाचते, त्या आपापल्या विषयाचे उर्दू शब्द सांगतात आणि एकीच्या वहीत ते सगळं उतरतं. यातून माझा फायदा असा झाला की आठवीच्या मुली गणितात कुठं अडतात ते मला कळलं, आणि मी मराठीच्या तासाला मुद्दाम गणिताची शाब्दिक उदाहरणं वाचायला घ्यायला लागले. आमच्या सीनियर आपा रिटायर व्हायच्या आहेत, त्या म्हणतात ही वही शाळेतच राहू दे.

बीड, चित्रकला

आमच्या विषयाचं प्रशिक्षण निघतच नाही हो. मग आजूबाजूच्या गावचे आम्ही कलाशिक्षक एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या आधी रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, स्थिरचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन, एकमेकांच्या पोरांची कामं मांडून बोलतो. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३, म्हणून पालकांना रस असतो. मला वाटतं गुणाशिवायही असावा. स्मरणचित्रात पोरं पोळ्याचं चित्र काढतात त्यात बैलाची झूल, गोंडे, मागं उभा असलेला म्हातारा, इतकं बारीक बघणारं लेकरू इतर तासाला मागच्या बाकावर गप्प का असतं हे सगळ्या स्टाफनं एकदा येऊन बघावं.

नांदेड, सहावी ते आठवी, गणित-विज्ञान

सध्या आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय आहे, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. मी पन्नाशीला आलोय. पहिले काही दिवस झोप लागली नाही हे खरं आहे, कारण घर, लेकीचं शिक्षण सगळं ह्याच नोकरीवर.

पण त्यातून एक चांगलं झालं ते सांगतो. आमच्याकडं एक शिक्षणसेवक आहे, नुकताच लागलेला, तीन वर्षं मानधनावर, तो टीईटी पास होऊनच आलाय. तो आम्हाला रोज शाळा सुटल्यावर बालमानसशास्त्र शिकवतो. पियाजे, वायगॉट्स्की ही नावं डीएडला ऐकली होती, पेपर दिला आणि सोडून दिलं. आता इतकी वर्षं पोरं हाताखालून गेल्यावर तेच परत वाचतो तेव्हा एकेका ओळीला एकेक लेकरू डोळ्यासमोर येतं. वायगॉट्स्कीचं म्हणणं असं की लेकराला एकट्याला जे जमत नाही ते जाणत्याच्या थोड्या आधारानं जमतं, आणि शिकवायची जागा तीच. मी लगेच अपूर्णांकाच्या भागाकाराला जोड्या बदलल्या, हुशार-हुशार एकत्र बसायची ती मोडली. बदल्यात त्या पोराला मी वर्ग शांत कसा ठेवायचा ते दाखवतो, त्याला सातवी ब फार त्रास देते. तो मला सर म्हणतो आणि मी पण त्याला सरच म्हणतो.

धाराशिव, इतिहास

थोडक्यात लिहितो. १७ सप्टेंबरचा, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा आठवडा आमच्याकडं मोठा असतो. आपल्या जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, म्हणजे निजामाविरुद्धचा लढा उभा करणारा माणूस आपल्यासारखाच वर्गात उभा राहायचा, हे मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगतो. झेंडा, भाषण झालं की आम्ही दोघं इतिहासवाले आणि नववीची पोरं गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं जातो. १९४८ प्रत्यक्ष आठवणारी आता फार थोडी राहिलीत, म्हणून आईबापाकडून ऐकलेलं सांगणाऱ्यांचं पण लिहून घेतो, पण कोणतं स्वतः पाहिलेलं आणि कोणतं ऐकलेलं ते वेगळं लिहायचं. ही शिस्त पोरांना लावताना आम्हाला स्वतःला आधी शिकावी लागली. ज्यांना शक्य आहे त्यांनी यंदाच करा, थांबू नका.

हिंगोली, मुख्याध्यापक

सगळं वाचलं, आनंद वाटला. मी वेळेचं सांगतो कारण तो माझ्या हातात असतो. यू-डायस प्लस (शाळेची माहिती), अपार (विद्यार्थ्यांचे आयडी), शालार्थ (पगार) ही ऑनलाइन कामं, पोषण आहार, शिष्यवृत्तीचे फॉर्म, ह्यातलं काहीच टाळता येत नाही. तरी जूनमध्ये वेळापत्रक लावतानाच मी एका विषयाच्या सगळ्या शिक्षकांना आठवड्यातला एक ऑफ तास समाईक ठेवतो, आणि कुणी रजेवर असलं तरी त्या तासाला बदली तास लावायचा नाही. तेव्हा वर्गावर मी जातो, पर्यवेक्षक जातात. पहिल्या वर्षी बाकीच्यांना हे पटलं नव्हतं, आता तो तास कुणी सोडत नाही.

दुसरं, प्रशिक्षणाहून आलेल्या शिक्षकाकडून मी अहवाल मागत नाही. पुढच्या शनिवारी त्यानं शिकलेल्यातली एक गोष्ट स्टाफला विद्यार्थी समजून शिकवायची. आणि नव्या शिक्षकाचा पाठ बघायला मी जायच्या आधी त्यानं माझा पाठ बघायचा, जे वाटलं ते बोलायचं. आमच्या एका नव्या मॅडमनी मला सांगितलं की सर तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तराला थांबतच नाही, पुढच्या पोराकडं जाता. तेव्हापासून मी थांबतो.

जालना, गणित

सर, समाईक ऑफ तासाची कल्पना आवडली, पण आमची शाळा लहान आहे, भाषेला प्रत्येकी एकच शिक्षक, त्यांचं काय करायचं?

हिंगोली, मुख्याध्यापक

मराठी, हिंदी, इंग्रजी तिघांना एकत्र बसवा, निबंध आणि पत्रलेखन तिघंही शिकवतात, तिथून सुरुवात होते. चित्रकला आणि क्रीडा आम्ही शेजारच्या गावच्या शाळेबरोबर जोडलंय, महिन्यातून एकदा. बुधवारी ठेवा, सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी जमत नाही.