चर्चा: कार्यकर्त्याच्या मनाची काळजी हे संघटनेचं काम आहे का?

कुर्ला_पूर्व

सध्या मुंबईतल्या संस्थांमध्ये एका प्रशिक्षणाची चलती आहे, ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड लीडरशिप’. थोडक्यात मांडणी अशी: संस्थेत येणारा माणूस, लाभार्थी असो की कार्यकर्ता, मागचे घाव घेऊनच येतो. तेव्हा पुढारपण करणाऱ्याने कारभार असा चालवावा की ते घाव पुन्हा उघडे पडणार नाहीत. अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ साली याची तत्त्वं लिहून काढली. सुरक्षितता, विश्वास, त्याच अनुभवातून गेलेल्यांचा आधार, निर्णयात वाटा वगैरे.

प्रशिक्षणवाल्यांची भाषा मलाही जड जाते. पण मुद्दा पटलाय. गोवंडीतल्या एका संस्थेतलं दृश्य सांगते. फंडरची व्हिजिट. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या, कोपऱ्यात पेपरखाली झाकलेले समोसे. हिंसाचाराच्या केसेस बघणाऱ्या ताईला संस्थेचे सर म्हणतात, ‘‘ताई, तुमची गोष्ट सांगा ना.’’ ताई सुरू करतात. नवरा, रॉकेलचा डबा, माहेरचं बंद झालेलं दार. कुठे क्षणभर थांबायचं तेही त्यांना ठाऊक झालंय, कारण तिथे दरवेळी पाहुणे चष्मा काढतात. मग टाळ्या, मग समोसे. दुपारी त्याच ताई दुसऱ्या कुणाची तरी एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवायला पोलीस स्टेशनच्या बाकावर दोन तास बसतात.

माझं म्हणणं एवढंच की कुणाचं दुखणं किती वेळा वापरायचं, हे पुढाऱ्याने ठरवू नये. वाईट केस झाली की त्या दिवशी कार्यकर्त्याजवळ कुणीतरी बसावं, दुसऱ्या दिवशी रजा मिळावी, आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘उद्या सकाळी सगळ्यांनी आझाद मैदान’ असले हुकूम बंद व्हावेत. यात लढा कुठे कमजोर होतो?

गिरणगावचा_गडी

असहमत. लढा नेमका इथेच कमजोर होतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. त्यांचं समुपदेशन कुणी केलं? चाळीची गॅलरी होती, भजनी मंडळ होतं, वाण्याची उधारी होती. घरोघरी दारू शिरली, पोरं वाया गेली, हे मी नाकारत नाही. पण त्या दुखण्याला पत्ता होता: मालक आणि सरकार. आता तुम्ही म्हणता, दुखणं माणसाच्या आत आहे, तिथे उपचार करा. म्हणजे मालक सुटला!

महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचं बघा. पुठ्ठ्याने, हाताने कचरा उचलणारी माणसं. युनियनने वर्षानुवर्षं केस लढवली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करायला सांगितलं. ऑर्डर हातात आली की माणूस रात्री झोपतो. वर्तुळात बसून श्वास मोजल्याने नाही झोपत.

केस_पेपर

मी समुपदेशक आहे, तेव्हा पक्षपाती समजा हवं तर. गडीभाऊ, चाळीची गॅलरी म्हणालात, पण गॅलरीत बसायचं कोण? संपानंतर ज्या बायकांनी डबे केले, घरकाम धरलं, त्यांचं कोण ऐकत होतं? तुमची जुनी व्यवस्था पुरुषांसाठी होती आणि तीसुद्धा बऱ्याचदा गुत्त्यावर संपायची.

दुसरं. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, लोक रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आपण त्यांची आठवण काढतो, गाणी गातो. पण त्या आठवड्यात वस्तीवस्तीत प्रेतयात्रा आणि सभा करत फिरणाऱ्या बाकीच्या पोरांना कुणी विचारलं का, बाबा, तू जेवलास का, झोपलास का?

गिरणगावचा_गडी

इथे मी चिडणार आहे, आधीच सांगतो. विलास घोगरे यांचं जाणं हा निषेध होता. त्याला तुमच्या केस पेपरवर ‘नैराश्य’ म्हणून चढवू नका. हेच मी म्हणतोय! राजकीय गोष्टीची आजारपणात बदली करायची ही सवय.

केस_पेपर

नैराश्य हा शब्द मी लिहिलेलाच नाही, वर जाऊन वाचा. निषेध होता हे मान्यच. म्हणून मागे राहिलेल्यांची विचारपूस करायची नाही, असं कुठे आहे?

आणि हे काही परदेशी फॅड नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उघडलं, त्याला दोन दशकं उलटून गेली. मार खाऊन आलेल्या बाईला ड्रेसिंग करून घरी पाठवायचं नाही, तिच्याशी बोलायचं, हे सरकारी दवाखान्यात बसवलं गेलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनवरची सेवाही २०१२ पासून आहे. प्रश्न एवढाच की बाईसाठी हे आहे, तिची केस चालवणाऱ्या ताईसाठी काय आहे?

ताळेबंद

मी संस्थांचे हिशेब बघतो. तुम्ही दोघं तत्त्वावर भांडताय, मी खर्चाच्या रकान्यावर बोलतो.

परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. फंडरला दाखवायला लागतं ‘इतक्या महिलांपर्यंत पोहोचलो’. ताईची रजा कोणत्या रकान्यात टाकणार? म्हणून होतं काय, तर ११ महिन्यांच्या करारावरच्या बाईला पीएफ नाही, आणि तिला वर्षातून एकदा कर्जतच्या रिसॉर्टवर ‘हीलिंग’ला नेतात. ट्रेनर इंग्रजीत बोलतो, मधे एक पोरगी मराठी करून सांगते, डोळे मिटा म्हटलं की दमलेल्या बायका खरोखर झोपतात. (तेवढाच काय तो फायदा.) बिल बघितलंय मी. त्यात दोघींचा वर्षाचा पीएफ बसला असता.

कुर्ला_पूर्व, तुमचं दृश्य खरं आहे. पण उपाय म्हणून जे विकलं जातंय ते त्याच समोशांच्या टेबलावर विकलं जातंय.

पाइपलाइन_वाली

इथे नेहमी नुसतं वाचते. आज लिहिते.

तानसा पाइपलाइनवरचं आमचं घर तुटलं आणि आम्हाला माहुलला टाकलं. रिफायनरीच्या शेजारी. आल्या आल्या मुलाच्या अंगावर खाज, सासऱ्यांना दम. मग आम्ही विद्याविहारला पाइपलाइनजवळच धरणं धरलं. २०१९ साली उच्च न्यायालयाने दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या, असं सांगितलं. ते धरण्याशिवाय झालं नसतं, म्हणून दादांचं म्हणणं मला मान्य आहे. सकाळी जेसीबी आला की मन मोकळं करत बसता येत नाही, आडवंच व्हावं लागतं.

पण आमचे एक नेते होते, नाव नको. मीटिंगमध्ये कुणी बाई रडली की म्हणायचे, ‘‘रडायचं असेल तर घरी.’’ आणि टीव्हीवाले आले की तेच म्हणायचे, ‘‘ताई, जरा रडा, कॅमेरा चालू आहे.’’ शेजारच्या काकूंचा नवरा माहुलमध्येच वारला होता. त्यांना बाईटसाठी दोनदा उभं केलं, कारण पहिल्यांदा मागून हॉर्न वाजला. तिसऱ्या वेळी काकू उठल्याच नाहीत, आणि पुढे धरण्यालाही आल्या नाहीत. नेते म्हणाले, फुटल्या.

फुटल्या नव्हत्या. आम्ही चौघी त्यांच्याकडे जाऊन भाकऱ्या करायचो रात्रीच्या. त्याला हीलिंग म्हणतात का ते मला माहीत नाही. पण धरण्याला माणसं का गळतात, याचा हिशेब कुणी ठेवलाय का?

गिरणगावचा_गडी

ताई, तुमच्या नेत्याचं वागणं नालायकपणाचं होतं. त्याला प्रशिक्षण कशाला हवं, त्याला बाजूला करायला हवं होतं. यावर माझा वाद नाही.

वाद पुढे आहे. मी तरुण पोरांच्या ग्रुपमध्येही जातो. तिथे कुणी कामाचा हिशेब मागितला की समोरचा म्हणतो ‘मला ट्रिगर होतंय’ आणि विषय संपतो. निर्णयाला तीन-तीन मीटिंगा. तोवर बिल्डर सोसायटीच्या सह्या घेऊन मोकळा.

आणि समूहाने बरं होण्याचं म्हणाल तर ९२-९३ च्या मुंबईतल्या दंगली आठवा. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसं गेली. त्यानंतर मोहल्ला कमिट्या झाल्या, पोलीस आणि वस्तीतली पोरं क्रिकेट खेळली, सणाला एकमेकांकडे गेली. चांगलं काम, टोपी काढतो. पण अहवाल १९९८ ला आला आणि दोषींचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लोकांची मनं जुळवली, खटले राहिले. सरकारला याहून सोयीचं काय असतं?

केस_पेपर

मोहल्ला कमिट्या नसत्या तर खटले चालले असते, असं म्हणायचंय का तुम्हाला? त्यांच्यामुळे पुढच्या कित्येक अफवा गल्लीतच विझल्या. ज्यांचं दुकान जळलं त्यांना त्याच गल्लीत परत शटर उघडायचं होतं, ते निकालाची वाट बघत बसू शकत नव्हते. न्याय राहिला हे खरं, पण त्याचा दोष क्रिकेटवर नका टाकू.

‘ट्रिगर’चा मुद्दा मात्र घेते. हिशेब मागणं म्हणजे आघात नव्हे. असं पुढाऱ्याने तोंडावर सांगितलं पाहिजे, आणि न सांगणारा पुढारी घाबरट असतो.

कुर्ला_पूर्व

पाइपलाइन_वाली ताई, तुमचा प्रतिसाद (काकूंची ओळख लागणार नाही असं बघून) आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवला तर चालेल का? नको म्हणालात तर नाही.

बाकी, मी आमच्याकडे दोन ठराव ठेवणार आहे. व्हिजिटला कुणाही कार्यकर्तीला स्वतःची गोष्ट सांगायला लावायची नाही, केसचं काम दाखवायचं. आणि मृत्यूची, जाळण्याची केस हाताळली तर दोन दिवस रजा. ट्रेनर नको, रिसॉर्ट नको.

पाइपलाइन_वाली

वाचा. नेत्यांचं वाक्य गाळू नका.

ताळेबंद

रजा पगारी की बिनपगारी ते ठरावात लिहा. आणि पैसे कुठून, तेही.

कुर्ला_पूर्व

पगारी. वार्षिक मेळाव्याचा मांडव आणि बॅनर यांतून काढू.

गिरणगावचा_गडी

मेळावा कापू नका. वर्षातून एकदा हजार बायका एका मांडवात बसतात, नगरसेवक घाबरतो तो त्या मांडवाला. समोसे कापा.