काचबिंदू आणि गांजाच्या अर्काचे थेंब

गांजा ओढल्याने डोळ्यातला दाब उतरतो, तर त्याच्या अर्काचे थेंब काचबिंदूवर का नकोत, असे काही जण विचारतात. दाब उतरतो हे 1971 पासून ठाऊक आहे. पण तो परिणाम तीन-चार तासच टिकतो, आणि काचबिंदूत दाब चोवीस तास आटोक्यात राहावा लागतो. थेंबांची अडचण आणखी वेगळी आहे. टीएचसी (गांजातले नशा आणणारे द्रव्य) तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे अश्रूंचा पातळ थर ओलांडून ते डोळ्याच्या आत पुरेसे पोहोचत नाही, आणि तेलात कालवून घातले तर डोळा चुरचुरतो. शिवाय सीबीडी (गांजातलेच, पण नशा न आणणारे द्रव्य) म्हणजे टीएचसी नव्हे. 2018 मध्ये इंडियाना विद्यापीठात उंदरांच्या डोळ्यांत थेंब घातले, तेव्हा टीएचसीने दाब उतरला आणि सीबीडीने उलट वाढला. ‘नशा नाही, म्हणून निर्धोक’ असे सांगत तेल विकणाऱ्यांनी (त्यांचा उत्साह दांडगा असतो) हेही सांगायला हवे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे दादरला आमच्या आईचा लॅटानोप्रोस्टचा (डोळ्यातला दाब उतरवणाऱ्या औषधाचा) थेंब चुकवण्याची माझी तयारी नाही : रात्री एकच, आणि मग डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा.