माफियात आज कुणाला घालवू? मदत हवी आहे

भावांनो, रंकाळ्यावरची आमची गँग रात्री ऑनलाइन माफिया खेळते. म्हणजे लपलेले माफिया रात्री एका गावकऱ्याला उडवतात, दिवसा सगळे मत देऊन एकाला घालवतात; माफिया गावकऱ्यांइतके झाले की ते जिंकले. सातजण होतो, पाच उरलोय, दोन्ही माफिया अजून जिवंत. आज मत चुकलं की रात्री आणखी एक गावकरी जाणार, खेळ खल्लास. कुणालाच न घालवूनही तेच!

डिटेक्टिव्ह (रात्री एकाला तपासून तो माफिया आहे का ते बघणारा गावकरी) एकच असतो, पण दोघं म्हणतात 'मीच'. म्हणजे एक नक्की थापाड्या. राजारामपुरीवाला म्हणतो, 'रात्री तुला तपासलं, तू साधा गावकरी.' खरं हाय, पण माफियाला ते आधीच ठाऊक असतंय की! दुसरा नुसता शिव्या घालतोय. तसा तो मिसळीला कट कमी आला तरी घालतो. मत कुणावर टाकू? दहाला मतदान बंद होतंय, लवकर सांगा.