परातीत तरंगणाऱ्या सुया: सहावी मध्येच का जाते?

भाचीच्या प्रोजेक्टसाठी दादरहून थर्माकोल आणला, तुकड्यांत चुंबक केलेल्या सुया खोचून परातीत सोडल्या आणि वर मोठं चुंबक धरलं. पाचांचा पंचकोन झाला, सहावी टाकली की एक मध्येच जाऊन बसते, असं का?

— अहो हा तर अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयरचा १८७८ चा प्रयोग! सुया एकमेकींना ढकलतात, वरचं चुंबक आत ओढतं, कड्यावर गर्दी झाली की एकीने मध्ये जाणं ऊर्जेच्या हिशोबात स्वस्त पडतं.

— थरथरणं पण बघण्यासारखं असतं. वाटीसारख्या सापळ्यात विद्युतभारित कण असले की १९ ची मांडणी मध्ये १, भोवती ६, बाहेर १२ अशी होते, ही गोल कडी एकमेकांत घट्ट बसतात, २० ला मात्र सहज फिरतात. आणि अख्खा घोळका ज्या फ्रिक्वेन्सीने झुलतो त्याच्या १.७३ पटीने तो फुगतो-आक्रसतो, कण कितीही असोत, मला हे फार सुंदर वाटतं!

— थँक्यू ताई, आज रात्रीच १९ सुया लावतो.