बेसबॉलमधील वेतनमर्यादा: चाहत्याने कोणाची बाजू घ्यावी?

एडिसनकर

मेजर लीग बेसबॉलचे संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ही आहे. त्याआधी नवा करार झाला नाही तर मालक टाळेबंदी जाहीर करतील आणि भांडणाच्या मुळाशी वेतनमर्यादा असेल, असे माझ्यासारख्या अनेकांना वाटते. अमेरिकेतील फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी या तिन्ही मोठ्या व्यावसायिक खेळांत संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. बेसबॉलमध्ये ती नाही. तिथे आहे तो लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरावीक रकमेपलीकडे (२०२६ साठी २४.४ कोटी डॉलर) खर्च करणाऱ्या संघाने भरायचा दंड, आणि ज्यांची ऐपत आहे ते संघ तो भरून मोकळे होतात.

माझे म्हणणे असे की चाहत्याने वेतनमर्यादेची मागणी उचलून धरणे म्हणजे मालकांची फुकट वकिली करणे होय. डिसेंबर २०२४ मध्ये ह्वान सोटो या खेळाडूने न्यूयॉर्क मेट्स या संघाशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींत पहिली प्रतिक्रिया उमटली ती "आता तिकिटे महागणार" अशी. हे गणित मुळातच उलटे आहे. तिकिटाची किंमत लोक किती मोजायला तयार आहेत यावर ठरते. खेळाडूंचे पगार उद्या निम्म्यावर आणले तरी मेट्सच्या मैदानाबाहेरचे पार्किंग एका डॉलरनेही स्वस्त होणार नाही. जमलेला पैसा कोणाच्या खिशात जावा, एवढाच प्रश्न उरतो, आणि ज्याचा खेळ पाहायला आपण जातो त्याच्या खिशात तो गेलेला मला अधिक रुचतो.

शिवाय मालकांचे हिशेब आपल्याला दिसत नाहीत. अटलांटा ब्रेव्ह्जसारखा एखाददुसरा संघ शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा असल्यामुळे त्याचा ताळेबंद जाहीर होतो. बाकीच्यांचे "आम्हाला परवडत नाही" हे विधान आपण त्यांच्या शब्दावर मानायचे असते. खेळाडूचा पगार मात्र पै न् पै जगजाहीर असतो, म्हणून लोकांचा राग त्याच्यावर निघतो. यावर इतरांची मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी मते.

तीन नद्या

धागाकर्ते जिथे राहतात तिथून मेट्स आणि यांकीज हे न्यूयॉर्कचे दोन गर्भश्रीमंत संघ हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे हे तत्त्वज्ञान त्यांना परवडते. मी पिट्सबर्गला असतो. आमच्या पायरेट्सने शेवटचे अजिंक्यपद १९७९ मध्ये जिंकले. १९९२ च्या हंगामानंतर बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि त्यानंतर सलग २० हंगाम आमचा संघ जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने अधिक अशा अवस्थेत राहिला. २०१३ ते २०१५ ही तीन वर्षे काय ती बरी गेली. मग जानेवारी २०१८ मध्ये अवघ्या काही दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकण्यात आले, आणि पुढल्याच वर्षाअखेरीस कोलने यांकीजकडून नऊ वर्षांचे ३२.४ कोटी डॉलर घेतले.

आमच्या मैदानात वरच्या मजल्यावर बसून पाहा: समोर नदी, तिच्यावरचा पिवळा पूल, आणि भोवती निघून गेलेल्या खेळाडूंची नावे पाठीवर मिरवणारी माणसे. सध्या मुलांच्या पाठीवर पॉल स्कीन्सचा ३० क्रमांक दिसतो. २०२५ चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पुरस्कार मिळवलेला हा खेळाडू २०२९ च्या हंगामानंतर मुक्त होणार, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करू शकणार, आणि तेव्हा तो कोणत्या दोन-तीन शहरांपैकी एकात जाणार, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

आयपीएलकडे पाहा. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला सारखीच १२० कोटी रुपयांची थैली होती, म्हणूनच लखनौसारखा नवा संघ ऋषभ पंतला २७ कोटींना घेऊ शकला. तसे काही पिट्सबर्गमध्ये घडल्याचे आपण कधी ऐकले आहे काय? मला मालकांविषयी काडीचेही प्रेम नाही. पण वेतनमर्यादा आल्याने त्यांचा नफा वाढणार असेल आणि त्याबरोबर माझ्या संघाला दहा वर्षांतून एकदा खरी संधी मिळणार असेल, तर तो नफा मी हसत सोसेन.

गिरणगाव

मी लालबागमध्ये वाढलो. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात घराघरांतील भांडी विकली गेली आणि ती माणसे पुन्हा उभी राहिली नाहीत. वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्यांच्या रुसव्याला "संप" म्हणणे मला जड जाते. हा दोन धनिकांमधील वाद आहे, आणि त्यात चाहत्याने बाजू घेण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

मुद्देसूद

गिरणगाव यांची भावना समजण्यासारखी आहे, परंतु बेसबॉलमधील वादाचा उगम पगाराच्या आकड्यात नव्हता. जुन्या करारांत राखीव कलम असे, आणि त्याचा अर्थ असा लावला जाई की करार संपल्यावरही खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नाही. संघ त्याला ठेवील, विकील किंवा बदल्यात देईल, पण त्याला स्वतःहून दुसरीकडे जाता येणार नाही. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली, त्यामुळे न्यायालयाचे दारही बंद झाले. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला असेच फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. त्या वेळी त्याला वर्षाला ९०,००० डॉलर मिळत होते, म्हणजे त्या काळाच्या मानाने तो सुखवस्तू होता. तरीही त्याने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले की आपली इच्छा न विचारता विकली जावी अशी वस्तू आपण नाही. त्याचा खटला १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला गेला आणि तोवर त्याची कारकीर्दही संपलेली होती. पुढे डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर सायट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे मुक्त खेळाडू ही अवस्था प्रत्यक्षात आली.

मार्व्हिन मिलर १९६६ मध्ये संघटनेचे प्रमुख झाले, तेव्हा किमान पगार ६,००० डॉलर होता. सोटोच्या कराराचे मूळ तिथपासूनच्या भांडणांत आहे. मुक्त खेळाडूंवर बोली लावायचीच नाही, असे मालकांनी १९८० च्या दशकात आपसांत ठरवले होते. लवादांपुढे ते उघडे पडले आणि अखेर २८ कोटी डॉलर भरून त्यांना तडजोड करावी लागली. वेतनमर्यादेला संघटना इतक्या संशयाने का पाहते, हे त्यावरून कळावे.

तीन नद्या यांच्या आयपीएलच्या उदाहरणाबद्दल एवढेच म्हणेन की पंत कोणत्या शहरात खेळेल हे लिलावाच्या हातोड्याने ठरवले, आणि तिथे खेळत असलेल्या भारतीय खेळाडूंची कामगार संघटनाच नाही. ती व्यवस्था चाहत्याला सोयीची असेल, पण तिची किंमत कोण मोजते हेही पाहावे.

हिवाळी पाहुणा

१९९४ मध्ये मी माँट्रियलला शिकत होतो. एक्सपोज हा तिथला संघ तेव्हा ७४ सामने जिंकून आणि ४० हरून सर्व संघांत पुढे होता. १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला आणि १४ सप्टेंबरला अजिंक्यपद ठरवणारी वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. संपासाठी ऑगस्ट का निवडला, तर तोवर खेळाडूंच्या हाती हंगामाचा बहुतेक पगार पडलेला असतो, आणि मालकांना मिळणारा टीव्हीचा मोठा पैसा ऑक्टोबरमधल्या सामन्यांवर अवलंबून असतो. डावपेच म्हणून ते बिनचूक होते, पण भुर्दंड आम्हाला पडला.

मालक तेव्हाही वेतनमर्यादाच मागत होते, आणि तीही छोट्या संघांच्या नावाने. न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी ३१ मार्च १९९५ रोजी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिल्यावर खेळ सुरू झाला, पण एप्रिलच्या काही दिवसांतच माँट्रियलने केन हिल, मार्क्विस ग्रिसम आणि जॉन वेटलंड यांना इतर संघांना देऊन टाकले, आणि लॅरी वॉकर मुक्त होऊन कोलोरॅडोला गेला. त्या संघाला मी पुन्हा कधी गांभीर्याने पाहिले नाही. २००५ मध्ये तो वॉशिंग्टनला हलला. ज्या छोट्या संघाच्या भल्यासाठी एक पक्ष भांडत असल्याचे सांगत होता, त्याचाच सगळ्यात आधी बळी गेला.

म्हणून मी गिरणगाव यांच्या निष्कर्षाशी सहमत आहे, कारणाशी नाही. १९९५ मध्ये मैदानावरची सरासरी उपस्थिती सुमारे २० टक्क्यांनी घसरली. दोन्ही पक्षांना समजलेली चाहत्यांची भाषा तीच.

साळुंकी

इथे सगळी चर्चा सोटो आणि कोल यांच्यावर चालली आहे, म्हणून जरा खाली पाहण्याची विनंती करते. आम्ही न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला राहतो आणि यांकीजचा मायनर लीगमधला, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा, डबल-ए दर्जाचा संघ, सॉमरसेट पेट्रिअट्स, आमच्या घराजवळ खेळतो. मुलांना घेऊन मी तिथे जाते. सामन्यानंतर जाळीपाशी सही देणारे पोरगे विशी-बाविशीचे असते आणि त्यानंतर त्याला मेन राज्यातल्या पोर्टलंडपर्यंत बसने जायचे असते. या दर्जाच्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार २०२३ पर्यंत १३,८०० डॉलर होता. इथल्या किराणा दुकानात गल्ल्यावर वर्षभर उभे राहणाऱ्याला त्याहून जास्त मिळतात. एका खोलीत चार-चारजण राहणे आणि हिवाळ्यात मिळेल ते काम करणे, हे त्यांच्यासाठी नेहमीचेच होते.

आता मुद्द्याचे. आपल्या मोठ्या खेळाडू संघटनेने या मुलांना २०२२ पर्यंत सभासदच करून घेतले नव्हते. पन्नासहून अधिक वर्षे संघटना त्यांच्याशिवाय करार करत राहिली. २०२३ च्या पहिल्या स्वतंत्र करारात त्यांचा पगार ३०,२५० डॉलर झाला. म्हणून धागाकर्ते "खेळाडूंची बाजू" म्हणतात तेव्हा मला विचारावेसे वाटते की कोणत्या खेळाडूंची? मुद्देसूद यांनी सांगितलेला इतिहास थोर आहे. पण त्या इतिहासात वर चढलेल्यांनी शिडी ओढून घेतल्याचाही एक अध्याय आहे.

एडिसनकर

साळुंकीताईंचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. तथापि तो वेतनमर्यादेच्या बाजूने जात नाही. मायनर लीगमधले पगार मालकांच्या खुशीने वाढले नाहीत, संघटनेत आल्यावर वाढले. मोठ्या लीगमध्येही खरा अन्याय पहिल्या सहा वर्षांतच होतो. मुक्त होण्यासाठी सहा वर्षांची सेवा लागते आणि एका वर्षासाठी १७२ दिवस मोजले जातात. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला अशा तारखेला बोलावले की त्याचे १७१ दिवस भरले. त्या एका दिवसापायी त्याचे मुक्त होणे वर्षभर लांबले, आणि त्याची तक्रार २०२० मध्ये लवादाने फेटाळली. २०२२ च्या करारात या पळवाटेवर काही उपाय झाला: नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष धरले जाते. तीन नद्या यांचा स्कीन्स २०३० ऐवजी २०२९ नंतर मुक्त होणार तो याच नियमामुळे.

आता पिट्सबर्गचे. पैशाने अजिंक्यपद विकत मिळते, ही समजूत मेट्सने २०२३ मध्ये स्वतःच खोटी पाडली. तोवरच्या इतिहासातला सर्वांत महागडा संघ उभारून त्यांनी ७५ सामने जिंकले आणि ८७ हरले. उलट टँपा बे रेज तुटपुंज्या खर्चात २००८ आणि २०२० मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले, आणि कॅन्सस सिटीने २०१५ मध्ये ती जिंकली. पिट्सबर्गला लक्झरी टॅक्सच्या रेषेजवळ जाण्यापासून कोणी रोखलेले नाही. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटाही त्यांना दरवर्षी मिळतो. तो संघावर खर्च का होत नाही, हे तीन नद्या यांनी आपल्या मालकांना विचारावे. मैदान तर बहुतांश सार्वजनिक पैशांतूनच बांधलेले आहे.

तीन नद्या

विचारतोच आहोत, स्टँडमध्ये संघ विकून टाका अशा घोषणाही दिल्या जातात. परंतु एडिसनकर यांनी सोयीची वर्षे निवडली आहेत. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे घेतली. त्यांच्या शोहेई ओतानीचा करार ७० कोटी डॉलरचा, त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे द्यायचे, आणि लक्झरी टॅक्ससाठी वर्षाला धरले जातात सुमारे ४.६ कोटी. असा उधारीचा व्यवहार करायला जी मिळकत लागते ती आमच्या शहरात कधीच निर्माण होणार नाही, मालक कितीही दानशूर असला तरी.

तरीही माझी मागणी अधिक नेमकी मांडतो. मला नुसती कमाल मर्यादा नको. किमान मर्यादाही हवी, म्हणजे आमच्या मालकाला मिळालेला वाटा खर्च करावाच लागेल. इतर खेळांत दोन्ही मर्यादा एकत्र आहेत.

मुद्देसूद

इतर खेळांत त्या एकत्र कशा आल्या हेही नोंदवून ठेवू. आइस हॉकीच्या मालकांनी वेतनमर्यादेसाठी २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडवला, आणि तडजोडीत चालू करारांतले पगार २४ टक्क्यांनी कापले गेले. किमान मर्यादेचा प्रस्ताव मला वैयक्तिकरीत्या वाजवी वाटतो, पण ती कोणत्या उत्पन्नाच्या किती टक्के हे ठरवायचे तर हिशेब उघडे करावे लागतील, आणि भांडण तिथेच अडेल.

शेवटी वेळापत्रकाबद्दल थोडे. खेळाडूंचा पगार हंगामात होतो आणि हिवाळ्यात मालकांचेही सामने बुडत नाहीत, त्यामुळे डिसेंबरमधली टाळेबंदी कोणालाच फारशी बोचत नाही. गेल्या वेळची २ डिसेंबर २०२१ रोजी सुरू होऊन ९९ दिवस चालली. आयुक्तांनी काही सामने रद्द केल्याचेही जाहीर केले, आणि तरीही १० मार्चला करार होऊन पुढे पूर्ण १६२ सामने खेळवले गेले. त्यातून किमान पगार ५,७०,५०० वरून ७,००,००० डॉलरवर गेला आणि नव्या खेळाडूंसाठी ५ कोटींचा बोनस निधी निघाला. तेव्हा तीन नद्या यांनी एप्रिल २०२७ ची तिकिटे काढावीत की नाही, हे डिसेंबरच्या मथळ्यांवरून ठरवू नये. फेब्रुवारीच्या मध्यास पिचर आणि कॅचर सरावासाठी फ्लोरिडा-ॲरिझोनात पोहोचतात का, ते पाहून ठरवावे.